दीड लाखाची सेडान खरंच दीड लाखाला पडते का?

मागच्या व्हिडिओत आपण दुकानाचा खर्च आणि घरचा खर्च वेगळा ठेवण्याबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "सर, जुनी फोर्ड किंवा शेवरोले एकदम स्वस्तात मिळतेय, घेऊ का?"

प्रश्न का येतो ते मला कळतं. आपल्या बिडकीनला औद्योगिक वसाहत उभी राहतेय, कंपनीत कोटेशन द्यायला जावं लागतं, आणि दुचाकीवरून गेलं की गेटवरचा माणूससुद्धा वेगळ्या नजरेने बघतो. नव्या हॅचबॅकच्या एक चतुर्थांश किमतीत लांबलचक सेडान मिळत असेल तर मन डळमळणारच.

माझंही डळमळलं होतं. काही वर्षांपूर्वी मी अशीच एक जुनी डिझेल सेडान घेतली. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक गाडीची नव्हती, माझी होती. चौथ्या महिन्यात पैठणहून येताना ढोरकीनच्या अलीकडे इंजिन एकदम बंद पडलं. टायमिंग बेल्ट तुटला होता. बिल झालं ६२,००० रुपये. दिवाळीच्या मालासाठी ठेवलेले पैसे त्यात गेले, उरलेले बायकोच्या भिशीतून घेतले. त्या सीझनला वायर आणि पंख्याचा माल निम्माच भरला. गिऱ्हाईक समोरच्या दुकानात गेलं, ते काही वर्षभर परत आलं नाही. बीबीए करून, लोकांना हिशोब शिकवून, स्वतः गाडी घेताना मी हिशोबच केला नव्हता. म्हणून आजचा धडा.

१. या गाड्या स्वस्त का मिळतात?

जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात शेवरोले विकणं बंद केलं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. कंपनी विक्रीतून बाहेर पडली की रिसेल पडते. गाडी वाईट असते असं नाही. पण आपल्याला जी स्वस्ताई मिळते, ती पुढच्या धोक्याची किंमत असते. तो धोका आता आपल्या डोक्यावर येतो, एवढं लक्षात ठेवा.

पार्टच्या बाबतीत सगळ्या गाड्या सारख्या नाहीत. जुन्या फिएस्टा क्लासिक आणि पहिल्या फिगोमध्ये १.४ लिटरचं एकच डिझेल इंजिन होतं. फिगो खूप विकली गेली, त्यामुळे इंजिनचे पार्ट तुलनेने सोपे मिळतात. हेडलाइट, बंपर, दाराची काच यांना मात्र वेळ लागू शकतो. गाडी पसंत करण्याआधी पार्टच्या दुकानात चार पार्टचे भाव आणि किती दिवसांत मिळतील ते विचारा. दोन फोनचं काम आहे.

२. कुठे खर्च निघतो?

टायमिंग बेल्ट: बदलल्याचं बिल नसेल तर बदललाच नाही असं धरा. बऱ्याच डिझेल इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो आणि हेड खोलावं लागतं. बेल्टसोबत टेन्शनर आणि वॉटर पंपही बघून घ्या, मजुरी एकदाच लागते.

क्लच: पेडल जड लागतंय, चढावर इंजिन ओरडतंय पण गाडी पळत नाही, तर क्लच संपत आलाय.

सस्पेन्शन: खराब रस्त्यावर खडखड आली तर लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअबच्या माउंटिंग तपासा. एक एक पार्ट छोटा वाटतो, चारही चाकांचं मिळून बिल मोठं होतं.

कूलिंग: आपल्याकडचा खास आजार. कूलंटच्या जागी बोअरचं पाणी ओततात. क्षार साचून रेडिएटर चोंदतो, इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं. टाकीचं झाकण थंड इंजिनवरच उघडा. आत गंज किंवा तेलकट थर दिसला तर हात जोडून घरी या.

इंजेक्टर आणि डिझेल फिल्टर: सकाळी स्टार्टिंगला वेळ, जास्त धूर, थरथर. यासाठी मालकाला आधीच सांगा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." गरम इंजिन खोटं बोलतं, थंड इंजिन खरं बोलतं.

एसी आणि वायरिंग: मे महिन्यात एसीशिवाय सेडान म्हणजे भट्टी. उभ्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडल्यात का, तेही बॉनेट उघडून बघा.

हे सगळं बघायला आपला मेकॅनिक सोबत न्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. फुकटचा सल्ला घेऊ नका.

३. कागदांचा खर्च

खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. म्हणजे २०११ ची गाडी घेतली तर २०२६ मध्ये नूतनीकरण आलं. त्याची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. वर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. नंबर प्लेट नवीन पद्धतीची बसवली आहे का, जुनी चलनं बाकी आहेत का, आरसीवर बँकेचा बोजा आहे का, हे टोकन देण्याआधी बघा.

विम्यात एक गंमत आहे. २०२२ मध्ये ठरलेल्या दरानुसार थर्ड पार्टी प्रीमियम १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ रुपये, आणि १,५०० सीसीच्या वर ७,८९७ रुपये. जीएसटी वेगळा. म्हणजे १.४ लिटरची फिएस्टा आणि २ लिटरची क्रूझ सारख्या किमतीत मिळाल्या, तरी दुसरी दरवर्षी दुपटीहून जास्त मागते.

४. आता वही उघडा

आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

गाडी १,६०,००० + सुरुवातीचं काम ४५,००० = २,०५,०००
तीन वर्षांनी विकून येतील ७०,०००
फरक १,३५,०००, म्हणजे वर्षाला ४५,०००
डिझेल: १०,००० किमी, १६ चं अॅव्हरेज, ९० रुपये दर = ५६,२५०
विमा जीएसटी धरून साधारण ४,०००
वर्षाची दुरुस्ती, सर्व्हिसिंग २५,०००

एकूण वर्षाला १,३०,२५०. किलोमीटरला १३ रुपये, महिन्याला जवळपास १०,८५०.

गाडीवाला सांगतो, "साडेपाच रुपये किलोमीटर पडते." तो फक्त डिझेल धरतो. आणि गाडी वर्षाला ४,००० किमीच फिरली तर? डिझेल २२,५०० वर येतं, बाकीचे ७४,००० तसेच राहतात. किलोमीटरला २४ रुपये! उभी गाडीसुद्धा खाते. एवढं कमी फिरणं असेल तर कामाच्या दिवशी भाड्याची गाडी करून बघा, आणि ते दोन लाख मालात फिरवा.

५. मग घ्यायची की नाही?

घ्या, पण तीन अटींवर. फिरणं भरपूर असावं. बेल्टपासून टायरपर्यंतचं सुरुवातीचं काम गाडीच्या किमतीतच धरलेलं असावं. आणि "गाडी खातं" म्हणून वेगळे ५०,००० बाजूला असावेत, ज्याला मालाच्या पैशाचा हात लागणार नाही. तिसरी अट पूर्ण होत नसेल तर सहा महिने थांबा. मी थांबलो असतो तर दिवाळीची दुकानदारी गेली नसती.

आजचा गृहपाठ: तुमच्याकडे आत्ता जी गाडी आहे, दुचाकी असली तरी चालेल, तिचा वरच्या पद्धतीने किलोमीटरचा खरा खर्च काढा. बिलं सापडत नसतील तर आजपासून एका पाकिटात टाकायला लागा. आकडा आला की खाली लिहा, पुढच्या भागात त्यातली दोन-तीन उदाहरणं घेऊन फळ्यावर सोडवू.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा.