गाजरगवताचा अर्क आणि बियांची उगवण

बांधावर, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीत वाढणारे गाजरगवत महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. मूळची अमेरिका खंडातील ही वनस्पती १९५५ मध्ये पुण्यात आढळली व पुढे देशभर फैलावली. पाणी, प्रकाश व अन्नद्रव्ये यांसाठी ती पिकांशी स्पर्धा करतेच. शिवाय तिच्या अंगच्या रासायनिक द्रव्यांमुळेही शेजारच्या वनस्पतींची वाढ खुंटते. एका वनस्पतीतील द्रव्यांचा दुसरीवर असा जो परिणाम होतो, त्याला हान्स मोलिश या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये ‘ॲलेलोपॅथी’ ही संज्ञा दिली.

द्रव्ये व त्यांचे कार्य

गाजरगवतात पार्थेनिन हे प्रमुख द्रव्य असून फेरुलिक, व्हॅनिलिक, कॅफेइक आदी फिनॉलिक आम्लेही असतात. पावसाने धुऊन, मुळांवाटे स्रवून किंवा पालापाचोळा कुजताना ती जमिनीत उतरतात. त्यांमुळे पेशींचे विभाजन मंदावते. म्हणून बी रुजले तरी मूळ आखूड राहते. हा परिणाम अंकुरापेक्षा मुळावर बहुधा अधिक दिसतो. अर्क जितका तीव्र, तितका अडथळा मोठा. अतिसौम्य अर्काने मात्र कधी कधी वाढीस चालनाही मिळते.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

सावलीत वाळविलेल्या पानांची १० ग्रॅम पूड १०० मिलिलिटर पाण्यात २४ तास भिजवून गाळून घ्यावी. निम्मा अर्क बाजूला ठेवून उरलेल्यात तितकेच पाणी मिसळावे. तीन बशांत ओला टीपकागद अंथरून प्रत्येकीत मुगाचे २५ दाणे ठेवावेत. पहिलीत साधे पाणी, दुसरीत सौम्य व तिसरीत मूळ अर्क सारख्याच मापाने घालावा. सात दिवसांनी उगवलेले दाणे मोजावेत व मुळांची लांबी नोंदवावी. साध्या पाण्याची बशी नसेल, तर तुलनेला आधारच राहत नाही. गाजरगवताने त्वचेला ॲलर्जी होत असल्याने हातमोजे वापरावेत, पूड मोठ्यांनीच करावी व नाका-तोंडावर रुमाल बांधावा.

बशीतील निष्कर्ष शेतास जसाच्या तसा लागू होत नाही. जमिनीतील सूक्ष्मजीव या द्रव्यांचे विघटन करतात आणि मातीच्या प्रकारानुसारही परिणाम बदलतो.

गावासाठी बोध

हे गवत फुलोऱ्यापूर्वीच, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. एकेक झाड हजारो बिया देते. म्हणून फुलावर आलेली झाडे खतासाठी वापरू नयेत. कोवळे गवत पूर्ण कुजवूनच शेतात घालावे. कच्चा पाला पेरणीच्या वेळी मातीत मिसळल्यास उगवणीस बाधा पोहोचू शकते. पडीक जागी तरोट्याचे बी टाकल्यास त्याच्या दाट वाढीमुळे गाजरगवतास आळा बसतो. ग्रामपंचायत व शाळा यांनी पावसाळ्याच्या प्रारंभीच ही मोहीम एकत्रितपणे हाती घेतल्यास पुढील हंगामाचे बी जमिनीत पडणार नाही.