घाट चढण्यापूर्वी स्वयंचलित गिअरची परीक्षा

तळोद्याहून धडगावकडे जाणारा चांदसैली घाट आणि शहाद्याहून तोरणमाळला चढणारा रस्ता हे नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याचे अवघड मार्ग होत. तेथे मोटारीचा गिअर निकामी झाल्यास आतील रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून स्वयंचलित गिअरच्या वाहनातील बिघाडाची पूर्वचिन्हे ओळखणे अगत्याचे आहे.

प्रथम वाहनाचा प्रकार जाणून घ्यावा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअरकडे जाते. २०१४ पासून भारतात प्रचलित झालेल्या 'एएमटी' पद्धतीत मात्र नेहमीचाच क्लच चालकाच्या पायाऐवजी यंत्राद्वारे दाबला जातो.

इंजिनाचा आवाज वाढूनही गाडीचा वेग न वाढणे, हे दोन्ही प्रकारांतील मुख्य लक्षण होय. 'एएमटी'मध्ये अशा वेळी क्लच-प्लेट झिजल्याचा संभव अधिक असतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत, तसेच 'डी' अथवा 'आर' लावल्यावर ती उशिरा हलत असल्यास, प्रथम तेलाची पातळी पुस्तिकेत सांगितलेल्या रीतीने तपासावी. तेल काळपट होऊन जळका वास येत असेल, तर केवळ नवे तेल भरून भागत नाही; आतील भागांची तपासणी करून घ्यावी.

चढावर गाडी ॲक्सिलरेटरने रोखून धरू नये, ब्रेक लावावा. उतारावर खालचा गिअर योजावा. शासकीय वाहनाच्या लॉगबुकात ही चिन्हे त्याच दिवशी नोंदविली गेल्यास दोष घाटात नव्हे, तर कार्यशाळेतच उघडकीस येईल.