मोटर जळली, असं लगेच मानू नका

खोपोली ते कर्जत अंतर जेमतेम 15 किलोमीटर. मध्ये लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी अशी स्टेशनं आहेत, पण या फाट्यावर लोकल मोजक्या. पाळीच्या वेळेशी त्यांचं जमेलच असं नाही. म्हणून माझ्यासारख्यांनी जुन्या सायकलीला इलेक्ट्रिक किट बसवून घेतलं. मागच्या चाकात हब मोटर, कॅरियरखाली कंट्रोलर, 36 व्होल्टची लिथियम बॅटरी आणि हँडलला थ्रॉटल. उन्हाळाभर कसलीही कुरकुर नव्हती.

खरी परीक्षा आपल्याकडे जूनमध्ये असते. एका सरीनंतर मोटर जागच्या जागी थरथरायला लागली. पेडल मारून सायकल चालती केली की ती घुरघुरत साथ द्यायची, थांबलं की पुन्हा थरथर. मग चढावर एकदमच गप्प झाली. दुकानात नेली, तर चाकाला हात न लावता निकाल आला : ‘मोटर जळली, नवीन टाका.’ भाव ऐकला तर जवळजवळ अख्ख्या किटचा. ज्या खोपोलीत 1915 पासून पाण्यावर वीज तयार होते, तिथे पाच व्होल्टची एक तार तपासायला कुणी तयार नव्हतं!

मोटर जळली नव्हती. एक्सल फिरला होता.

हब मोटरमध्ये एक्सल स्थिर असतो आणि भोवतीचं चाक फिरतं. मोटर चाकाला जेवढा पीळ देते तेवढाच उलटा पीळ एक्सलवर बसतो. तो अडवायला एक्सलच्या दोन बाजू सपाट केलेल्या असतात. साधारण 12 मिलिमीटरचा एक्सल खाचेत बसायला 10 मिलिमीटर ठेवतात. म्हणजे सगळा भार चिमट्याच्या पातळ खाचेवर आणि नटांवर. नट थोडा ढिला पडला की एक्सल खाच रुंदावत हळूहळू फिरतो आणि मोटरच्या तारा तर त्याच एक्सलच्या तोंडातून बाहेर येतात! त्या पिळवटतात, धारेवर सोलल्या जातात आणि उघड्या जागेतून पाणी आत जातं. माझ्या सायकलीत जाड तारेचा 36 व्होल्टचा करंट हॉल सेन्सरच्या लाल तारेत उतरला. सेन्सर गेले आणि त्यांना पाच व्होल्ट पुरवणारा कंट्रोलरही.

आधी तारा ओळखा. तीन जाड तारा मोटरला ताकद पुरवतात. पाच बारीक तारा हॉल सेन्सरच्या : लाल-काळी पुरवठ्याची, पिवळी-हिरवी-निळी खबर देणारी. रोटर कुठे आहे ते हे तीन सेन्सर कंट्रोलरला सांगतात. एक जरी मुका झाला तरी कंट्रोलर गोंधळतो आणि मोटर थरथरते. उलट मोटर आत गरगर फिरल्याचा आवाज येतोय पण चाक ढिम्म, असं असेल तर सेन्सरच्या मागे लागू नका. गिअरवाल्या हबमधली नायलॉनची चाकं झिजली असतील नाहीतर आतला क्लच सुटला असेल.

हब उघडण्याआधी बाहेरूनच बरंच कळतं. बॅटरी काढा, थोडा वेळ थांबा, कारण कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. मग तिन्ही जाड तारा कंट्रोलरपासून सोडवा, एकमेकींना टेकू देऊ नका आणि चाक फिरवा. गिअरवाला हब असेल तर उलटं फिरवा. सुलट फिरवलं तर क्लचमुळे मोटर फिरतच नाही. तारा जोडलेल्या असताना चाक जड आणि सोडवल्यावर हलकं, तर दोष कंट्रोलरमध्ये. सोडवूनही अडखळत असेल तर मोटरमध्ये किंवा तिच्या तारांत शॉर्ट आहे. पुढे दोन-दोन जाड तारा जोडून चाक फिरवा. तिन्ही जोड्यांना सारखाच अडथळा लागला तर वाइंडिंग बहुधा धड आहे.

सेन्सर तपासायला बॅटरी परत जोडा, मल्टिमीटरची काळी सुई काळ्या तारेला लावा. आधी लाल तारेवर पाचच्या आसपास व्होल्ट येतात का पाहा. नसतील तर कंट्रोलर गेला आहे किंवा तार कुठेतरी टेकली आहे. असतील तर एकेक रंगीत तार धरून चाक सावकाश फिरवा. आकडा शून्य आणि पाचच्या मध्ये उड्या मारायला हवा. एकाच जागी बसला तर तो सेन्सर किंवा त्याची तार मेली. सुया एकमेकींना लागू देऊ नका, नाहीतर असलेला कंट्रोलरही हातचा जाईल.

सेन्सर स्वस्त असतात. मी लोकलने दादर गाठलं आणि तिथून ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर घेतले. ‘लॅच’ जातीचेच मागा. साधे स्विच जातीचे दिसायला तसेच, पण या कामाला चालत नाहीत. जुने काढण्याआधी छापील बाजू कुठे आहे त्याचा फोटो काढून ठेवा. एक गेला असला तरी तिन्ही बदला, पुन्हा हब उघडण्यापेक्षा ते परवडतं. मात्र गिअर नसलेल्या हबमधली चुंबकं जबर असतात. स्टेटर हाताने ओढून काढू नका. पुलर नसेल तर लेथवाल्याकडे जा, बोटं चिरडतात.

पावसापुरतं आणखी एक. पळत्या सायकलीची गरम मोटर पाण्यात गार होताना बाहेरची दमट हवा आत ओढते. तारेच्या तोंडाशी सिलिकॉन लावा आणि तार एक्सलच्या खाली लोंबेल असा वळसा द्या, म्हणजे पाणी तिच्यावरून आत न ओघळता खालीच टपकतं.

आणि कर्जत-खालापूरच्या सायकल दुकानदारांना विनंती. एक्सलला पकडून चिमट्याला घट्ट बसणारी पोलादी पट्टी, टॉर्क आर्म, बऱ्याच किटच्या डब्यात नसते. ती बसवल्याशिवाय मोटरची सायकल गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नका.