फऱ्याचे टोक वाकडे निघाले? पैसे भरण्याआधी एवढे विचारा

द्राक्षाच्या छाटणीत दिवसभर हात डोक्याच्या वर. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट, ओतूरला कांद्याची गोणी. खांदा धरतो, पंधरा दिवस बाम चोळून होतो आणि मग कोणी तरी सांगते, ‘पुण्याला जाऊन एमआरआय काढ.’ अहवालात येते : फऱ्याच्या हाडाचे टोक हुकासारखे वाकलेले, रोटेटर कफ (खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचा पट्टा) फाटलेला. इथून खर्चाला पाय फुटतात. म्हणून सुरुवात पुण्यापासून नको, गावापासून करा.

जुन्नर, नारायणगाव आणि घोडेगावला ग्रामीण रुग्णालय आहे, मंचरला उपजिल्हा रुग्णालय. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. सकाळच्या ओपीडीला जा, पण हाडांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे आदल्या दिवशी विचारून. सोबत आधार, जुने कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे न्या. रक्तातली साखर तिथेच तपासून घ्या. मधुमेहात खांदा आखडतो. दुखणे तसेच असते, पण त्याला बहुधा ऑपरेशन लागत नाही.

घरी एक गोष्ट पाहून जा. तुमचा हात तुम्हाला वर नेता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो? मग संशय कफवर. दुसऱ्यानेही जात नाही? मग खांदा आखडला असण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना हे नेमके सांगा. आणि डावा खांदा दुखतोय, सोबत छातीवर दाब आणि घाम आहे, तर हा लेख बाजूला ठेवून 108 ला फोन करा.

आता एक्स-रे. खाजगीत साधारण 300 ते 800 रुपये. चिठ्ठीवर ‘सांध्याच्या रेषेत घेतलेला सरळ एक्स-रे’ असे लिहून मागा. तिरका निघाला तर फऱ्याचा कोन मोजता येत नाही, मग दुसरा काढा आणि पुन्हा पैसे भरा. या कोनाचा हिशेब झुरिकच्या डॉक्टरांनी 2013 मध्ये मांडला. कोन 35 अंशांच्या वर असलेल्यांत कफ फाटलेला जास्त आढळला, 30 च्या खाली असलेल्यांत सांधा झिजलेला. फऱ्याचे छप्पर जितके बाहेर आलेले, तितका कफवर ताण. यातून कल कळतो, आजार ठरत नाही. कोन 37 निघाला म्हणून कोणी टेबलावर झोपत नाही.

एमआरआय पुण्यात खाजगीत साधारण 5 ते 9 हजार. औषध टोचून काढायचा असेल तर वर आणखी. सरकारी ससून रुग्णालयात बराच स्वस्त, पण तारीख मिळेपर्यंत थांबावे लागते. कफ पूर्ण फाटलाय का, एवढेच पाहायचे असेल तर सांध्यांची सवय असलेल्या डॉक्टरांची सोनोग्राफी पुरते. हजार-दोन हजारांत काम होते. अहवाल वाचून घाबरू नका. 1995 च्या एका अमेरिकी पाहणीत साठीपुढच्या, खांदा अजिबात न दुखणाऱ्या निम्म्याहून अधिक लोकांच्या एमआरआयमध्ये कफ फाटलेला दिसला होता. तुमचे दुखणे आणि ती फट यांचा संबंध आहे का, हे तपासणारा डॉक्टर सांगतो, यंत्र नाही. फिल्मबरोबर सीडी मागायला विसरू नका, नाहीतर पुढचा डॉक्टर पुन्हा काढायला लावेल.

इथे सगळ्यात महाग वाक्य येते : ‘दुर्बिणीतून वाकडे हाड घासून टाकू.’ ब्रिटनमध्ये 2018 साली याचीच परीक्षा झाली. काहींचे हाड घासले, काहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली. दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. 2019 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात, इजा नसताना नुसत्या दुखण्यासाठी हे ऑपरेशन करू नये असे स्पष्ट सांगितले आहे. पुण्यात त्याला लाखाच्या आसपास जातात. ‘हाड घासले नाही तर काय होईल?’ हे विचारा आणि उत्तर कागदावर मागा.

व्यायाम आधी. तालुक्यात फिजिओथेरपिस्टचे एका वेळेचे साधारण 200 ते 400 रुपये. वीस दिवसांचे पॅकेज आगाऊ घेऊ नका. 2021 च्या ब्रिटिश चाचणीत एकदा नीट शिकवून घरी करायला लावलेला व्यायाम सहा वेळांच्या उपचाराइतकाच उपयोगी ठरला. दोन-तीनदा जाऊन शिका, मोबाइलवर चित्रीकरण करून घ्या, रबरी पट्टा विकत आणा, तीन महिने चुकवू नका. नुसता शेक आणि वीज लावून घरी पाठवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

थांबायचे कधी नाही? झाडावरून किंवा गाडीवरून पडलात आणि हात एकदम वर जाईनासा झाला तर. कफ नुकताच तुटला असेल तर काही आठवड्यांतच शिवणे चांगले. उशीर झाला की स्नायू आखडून मागे सरकतो. अशा वेळी चोळणाऱ्याकडे जाऊन दिवस घालवू नका.

शिवायचेच ठरले तर खाजगीत साधारण दीड ते अडीच लाख. यात खरा घोटाळा अँकरचा, म्हणजे दोरा हाडात रोवणाऱ्या खिळ्याचा. गुडघ्याच्या इम्प्लांटवर 2017 पासून किंमतमर्यादा आहे, तशी खांद्याच्या अँकरवर नाही. किती अँकर, कोणत्या कंपनीचे, एकाची किंमत किती, हे आधी लेखी घ्या. नंतर पाकिटावरचे स्टिकर केसपेपरवर चिकटवलेले पाहा. खोलीचे भाडे दिवसाला 5 हजारांच्या वर गेले की त्यावर जीएसटी लागतो, म्हणून खोली त्याखालची घ्या. भूल, दुर्बिणीचे भाडे, खांद्याचा पट्टा, नंतरचे व्यायाम हे ‘पॅकेज’मध्ये धरलेत की वेगळे, तेही विचारा. दरपत्रक दर्शनी भागात लावणे रुग्णालयावर बंधनकारक आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि फोटोचे ओळखपत्र लागते. भरती होण्याआधी 155388 वर फोन करा, नाहीतर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. दोनच प्रश्न : माझे नेमके ऑपरेशन यादीत आहे का, आणि अँकर त्याच रकमेत धरलाय का? ‘आधी भरती व्हा, योजनेचे नंतर बघू’ हे ऐकू नका. मंजुरी आधी मिळवायची असते.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय रुग्णालय. तिथे 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1 लाख 80 हजार आणि 3 लाख 60 हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. जुन्नरचे लोक जुन्नर तहसीलला, आंबेगावचे घोडेगावला. भरती झाल्यावर दाखल्यासाठी पळापळ केली तर दोन दिवस आणि एक शेजारी कामाला लागतो.

एसटीने जात असाल तर महिलांना आणि 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट, 75 च्या पुढे मोफत. आधार जवळ ठेवा. ऑपरेशननंतर हात साधारण सहा आठवडे पट्ट्यात राहतो आणि जड कामाला चार ते सहा महिने लागतात. छाटणीच्या तोंडावर तारीख घेतलीत, तर मजुरांची मजुरीही याच खर्चात धरा.