विशेष शिक्षकाची घडण : विद्यापीठीय अभ्यासक्रम आणि त्यामागील जबाबदारी

गावातील प्राथमिक शाळेत पहिलीच्या वर्गात एक मूल मागच्या बाकावर शांत बसलेले असते. ते कोणाला त्रास देत नाही, फळ्यावरील अक्षरे वळणदार उतरवून घेते, हजेरीच्या वेळी शेजारच्या मुलाने खूण केली की हात वर करते. अशी तीन-चार वर्षे जातात. मूल वरच्या वर्गात जात राहते. परंतु स्वतःच लिहिलेल्या शब्दाचा अर्थ विचारला की ते नुसते पाहत राहते. त्याला ऐकू येत नाही हे घरात आणि शाळेत सर्वांना ठाऊक असते. त्याला शिकवावे कसे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. शिक्षकाच्या ठायी आपुलकीची उणीव असते असे नव्हे. उणीव असते ती एका विशिष्ट ज्ञानाची. हे ज्ञान कोठे मिळते, कोणत्या रीतीने मिळते आणि ते ज्याने मिळविले आहे असा शिक्षक ओळखावा कसा, याची माहिती शाळा चालविणाऱ्या व शाळेवर देखरेख ठेवणाऱ्या प्रत्येकास असणे अगत्याचे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सर्व वयोगटांतील मिळून २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्ती होत्या, ही गोष्ट लक्षात घेता हा प्रश्न किती व्यापक आहे याची कल्पना येईल.

पूर्वपीठिका

विशेष शिक्षणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. १८८५ च्या सुमारास मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. १९०२ मध्ये अंध मुलांसाठी व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा सुरू झाली. १९४४ मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील यांच्या नावाची शाळा उभी राहिली, तर १९७२ मध्ये मेंदूच्या पक्षाघाताने पीडित मुलांसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी स्थापन झाली. त्या काळी या क्षेत्रातील शिक्षक बहुधा शाळेतच ज्येष्ठ शिक्षकांच्या हाताखाली तयार होत. ही शिकवण मोलाची होती. परंतु ती त्या त्या शाळेच्या चार भिंतींपुरती मर्यादित राही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) दिव्यांग मुलांचे शिक्षण हा सर्वसामान्य शिक्षणव्यवस्थेचाच भाग मानावा, असे प्रतिपादन केले. १९७४ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक शिक्षणाची योजना आखली आणि दिव्यांग मुले नेहमीच्या शाळांत येऊ लागली. विशेष शाळांची संख्या थोडी आणि शहरांतच अधिक, तर मुले मात्र गावोगाव विखुरलेली. त्यामुळे प्रशिक्षित शिक्षकांची गरज एकाएकी वाढली. ती भागविण्यासाठी निघालेल्या प्रशिक्षणवर्गांचा कालावधी, विषय आणि दर्जा यांत मोठी तफावत होती. एके ठिकाणचे प्रमाणपत्र दुसरीकडे कितपत ग्राह्य धरावे, याला कोणतेही समान मोजमाप नव्हते.

कायद्याचे अधिष्ठान

हे मोजमाप ठरविण्यासाठी १९८६ मध्ये भारतीय पुनर्वास परिषद ही नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. १९९२ मध्ये संसदेने भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम संमत केला आणि २२ जून १९९३ पासून परिषदेस वैधानिक दर्जा प्राप्त झाला. सर्वसाधारण शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियमन राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद करते. विशेष शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे नियमन पुनर्वास परिषद करते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे भरतीच्या वेळी पुष्कळदा घोटाळे होतात.

या अधिनियमाने दोन गोष्टी साधल्या. पहिली अशी की, पदवी विद्यापीठ देत असले तरी अभ्यासक्रमाची रूपरेषा, अध्यापकांची पात्रता व संस्थेतील सोयी यांना परिषदेची मान्यता लागते. दुसरी अशी की, मान्यताप्राप्त अर्हता मिळविलेल्या व्यक्तीचे नाव केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत दाखल होते व तिला नोंदणी क्रमांक मिळतो. अशी नोंदणी नसताना विशेष शिक्षक म्हणून शासकीय वा स्थानिक प्राधिकरणाच्या संस्थेत पद धारण करण्यास कायद्याने मनाई आहे. तिचा भंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणीचे वेळोवेळी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी शिक्षकाने उजळणी-वर्गांत भाग घेणे अपेक्षित असते.

अभ्यासक्रमाच्या पायऱ्या

विशेष शिक्षकाच्या अर्हतेची पहिली पायरी म्हणजे बारावीनंतरची विशेष शिक्षण पदविका. दोन वर्षांची ही पदविका प्रामुख्याने प्राथमिक स्तरावरील अध्यापनासाठी आहे. त्यापुढील पायरी म्हणजे विशेष शिक्षणातील बी.एड. ही विद्यापीठीय पदवी. पूर्वी एक वर्षाचा असलेला हा अभ्यासक्रम २०१५ मध्ये दोन वर्षांचा व चार सत्रांचा झाला. महाराष्ट्रात त्याच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा घेतली जाते. एम.एड. ही पदव्युत्तर पायरी प्रशिक्षण महाविद्यालयांतील अध्यापक व संशोधक तयार करते. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा विशेष शिक्षण विभाग आणि १९८३ मध्ये वांद्रे येथे स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ कार्य केले आहे.

प्रवेश घेताना विद्यार्थ्यास एका अक्षमता-क्षेत्राची निवड करावी लागते. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता आणि बहुविकलांगता ही त्यांतील प्रमुख क्षेत्रे होत. २०१५ च्या आराखड्यात अभ्यासक्रमाचे सहा भाग योजिले आहेत. पहिल्यात बालविकास, अध्ययनाचे मानसशास्त्र व शालेय विषयांच्या अध्यापनपद्धती. दुसऱ्यात सर्व प्रकारच्या अक्षमतांची ओळख व समावेशक शिक्षण. तिसऱ्यात निवडलेल्या क्षेत्राचा सखोल अभ्यास. चौथ्यात व्यावसायिक कौशल्ये. पाचव्यात प्रात्यक्षिके व सहाव्यात शाळांतील आंतरवासिता अशी ही विभागणी आहे.

विशेष ज्ञान म्हणजे नेमके काय?

तिसऱ्या व पाचव्या भागांत जे शिकविले जाते, त्यावरच या पदवीचे वेगळेपण अवलंबून आहे. काही उदाहरणांवरून ते स्पष्ट होईल.

ऐकू येणारे मूल शाळेत येते तेव्हा मातृभाषा त्याच्या तोंडी रुळलेली असते. शाळेस त्याला केवळ वाचन-लेखन शिकवावयाचे असते. जन्मतः कर्णबधिर असलेले मूल पुष्कळदा कोणतीच भाषा पुरती हाती न आलेल्या अवस्थेत शाळेत येते. चष्मा लावताच दिसू लागावे तसे श्रवणयंत्र लावताच बोलणे समजू लागत नाही. कानी पडणाऱ्या आवाजाला अर्थ जोडण्याचा दीर्घ सराव लागतो. नुसते ओठ वाचून भागत नाही, कारण प, ब आणि म हे तिन्ही वर्ण ओठांवर सारखेच दिसतात. ‘पाळ’, ‘बाळ’ आणि ‘माळ’ यांतील फरक पाहणाऱ्याच्या ध्यानी येत नाही. म्हणून श्रवणालेख वाचणे, श्रवणयंत्राची रोजची तपासणी करणे, वाचाप्रशिक्षण देणे, खुणांच्या भाषेचा वापर करणे आणि प्रत्यक्ष अनुभवातून भाषा घडविणे, हे सारे या शिक्षकास शिकावे लागते.

दृष्टिदोषाच्या क्षेत्रात ब्रेल लिपी येणे अनिवार्य आहे. सहा टिंबांच्या या लिपीत ६३ आकृती होतात. पाटी व लेखणीने लिहिताना उजवीकडून डावीकडे टोचावे लागते आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावे लागते. मराठी ब्रेलमध्ये छापील ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी न येता नंतर येते, तर जोडाक्षरातील हलन्ताची खूण व्यंजनाच्या आधी येते. उत्तम मराठी जाणणाऱ्या शिक्षकालाही हे आपोआप कळत नाही. याखेरीज गणितासाठी टेलर पाटी व अबॅकस यांचा वापर आणि पांढऱ्या काठीच्या साहाय्याने निर्धोकपणे वावरण्याचे शिक्षण यांचाही येथे अंतर्भाव होतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत कार्यविश्लेषणास महत्त्व आहे. सदऱ्याची गुंडी लावणे ही कृती मोठ्यांना एकच वाटते. प्रशिक्षित शिक्षक तिचे अनेक लहान टप्पे पाडतो. पुष्कळदा तो शेवटच्या टप्प्यापासून आरंभ करतो, जेणेकरून काम पुरे झाल्याचे समाधान मुलास पहिल्याच दिवशी लाभावे. मुलाची आजची पातळी, पुढील काही महिन्यांचे उद्दिष्ट, त्यासाठीची कृती व मूल्यमापन यांची लेखी नोंद तो वैयक्तिक शिक्षण आराखड्यात करतो. ‘मूल जरा सुधारले’ अशा मोघम शेऱ्यास या आराखड्यात स्थान नसते.

सरावाचे महत्त्व

असे ज्ञान व्याख्यानांतून पुरेसे येत नाही. म्हणून आंतरवासिता तीन प्रकारच्या शाळांत विभागलेली आहे : निवडलेल्या क्षेत्राची विशेष शाळा, अन्य अक्षमतेची विशेष शाळा आणि सर्व मुले एकत्र शिकतात अशी समावेशक शाळा. प्रशिक्षणार्थी आधी निरीक्षण करतो, मग मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पाठ घेतो, एखाद्या मुलाचा दीर्घकाळ अभ्यास करून अहवाल लिहितो आणि पालकांशी संवाद साधण्यास शिकतो. ज्या संस्थेच्या जवळपास सरावासाठी योग्य शाळा नाही, तेथील पदवी कागदोपत्री पूर्ण असली तरी तिचा पाया कच्चा राहतो. प्रवेशेच्छूंनी इमारतीपेक्षा सरावशाळेची चौकशी आधी करावी, हे उत्तम.

बदलती दिशा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारच्या अक्षमतांचा समावेश असून, किमान ४० टक्के अक्षमता प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देण्यात आला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये दोन्ही परिषदांच्या अभ्यासक्रमांत अधिक मेळ असावा आणि विषयशिक्षकांनाही विशेष शिक्षणाची जोड घेता यावी, असा विचार मांडला आहे. त्यास अनुसरून जानेवारी २०२४ मध्ये पुनर्वास परिषदेने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाकडे वळण्याचे धोरण जाहीर केले. अशा संक्रमणकाळात केवळ माहितीपत्रकावर विसंबून न राहता, संबंधित संस्थेस, निवडलेल्या क्षेत्रासाठी व त्या शैक्षणिक वर्षासाठी परिषदेची मान्यता आहे काय, हे विद्यार्थ्याने स्वतः पडताळून पाहणे हिताचे ठरते.

तथापि केवळ अभ्यासक्रम सुधारून कार्यभाग साधणार नाही. प्रशिक्षित शिक्षकास पद हवे आणि पदाला स्थैर्य हवे. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नी महत्त्वपूर्ण निर्णय दिला. त्यानंतर २०२२ मध्ये शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत दुरुस्ती होऊन पहिली ते पाचवीपर्यंत दर १० दिव्यांग मुलांमागे आणि सहावी ते आठवीपर्यंत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण निश्चित झाले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना मंजूर पदे अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. कराराच्या नेमणुकीवर अनेक शाळांत फिरणाऱ्या शिक्षकाची एका मुलाशी भेट किती दिवसांनी होते, याचा विचार केल्यास या प्रमाणाचे मोल कळून येईल.

शाळा व पंचायत यांचे कर्तव्य

या बाबतीत स्थानिक पातळीवर बरेच काही करता येण्याजोगे आहे. नेमणूक करताना पदवीसोबत नोंदणी क्रमांक, त्याची मुदत आणि अक्षमतेचे क्षेत्र ही तिन्ही तपासावीत. अंध मुलासाठी श्रवणदोषाच्या क्षेत्रातील शिक्षक नेमल्याने कागद पुरा होतो, शिक्षण होत नाही. मुख्याध्यापकाने प्रत्येक दिव्यांग मुलाचा वैयक्तिक आराखडा पाहावा व वर्गशिक्षकास त्यात सहभागी करून घ्यावे. शाळा व्यवस्थापन समितीने अशा मुलांची यादी अद्ययावत ठेवावी, कारण पदांची मागणी त्या संख्येवरच उभी राहते. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी राखावयाची असते. तिचा विनियोग करताना शाळेतील मुलांच्या शैक्षणिक गरजांचाही विचार व्हावा. गावातील बारावी वा पदवी उत्तीर्ण तरुण-तरुणींना या अभ्यासक्रमांची माहिती देणे, हेही पंचायतीचे एक उपयुक्त कार्य ठरेल.

दयाबुद्धीने मुलाला जवळ घेता येते. त्याला भाषा देण्यासाठी विद्या लागते. विद्यापीठाची पदवी व नोंदवहीतील क्रमांक ही ती विद्या मिळविल्याची ग्वाही होय. मागच्या बाकावर शांत बसलेल्या मुलाची वर्षे कोणासाठी थांबत नाहीत. त्याच्या शाळेत योग्य अर्हतेचा शिक्षक वेळेवर पोहोचतो की नाही, हे पाहणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांचे सामाईक उत्तरदायित्व आहे.