फटफटीचा गळका सांधा

मुलांनो, मोटारसायकलला मराठीत ‘फटफटी’ हे नाव तिच्या आवाजावरून पडलं. आपल्या वर्गातल्या काही जणांच्या गॅरेजमध्ये चार चाकांची फटफटी, म्हणजे एटीव्ही, उभी आहे. यामाहाची ब्लास्टर (अमेरिकेत १९८८ ते २००६) किंवा बॅनशी (१९८७ ते २००६) अशा जुन्या गाड्यांचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. आईबाबांना ते चांगलं ओळखीचं आहे. पुण्याजवळ आकुर्डीला बनणारी जुनी बजाज चेतक आणि अहमदनगरची (आताचं अहिल्यानगर) लूना, दोन्ही टू-स्ट्रोकच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं आणि निळसर धूर सोडत निघायचं!

या पाठात आपण अशा गाडीच्या धुराच्या नळीचा सांधा दुरुस्त करू आणि त्यासाठी लागणारी क्रियापदं शिकू.

आधी क्रियापदं. इंग्रजीत सगळ्याला ‘लीक’ म्हणून भागतं. मराठीत नळ गळतो, माठ पाझरतो, पाणी जमिनीत झिरपतं, थेंब ठिबकतो आणि टायरमधली हवा जाते. सांध्याभोवती काळा तेलकट थर दिसला तर ऑइल पाझरतंय. खाली जमिनीवर ठिपके पडले तर ते ठिबकतंय. सांध्यातून ‘फट फट’ किंवा ‘फुस फुस’ ऐकू आलं तर धूर निसटतोय. कुकरची रिंग सैल झाली की वाफ कडेने जाते आणि शिट्टी होत नाही, अगदी तसंच.

पण शिट्टी न झाल्याने इथे काय बिघडतं? टू-स्ट्रोक इंजिनाला धूर सोडण्यासाठी वेगळी झडप नसते. दट्ट्या खाली सरकला की सिलिंडरच्या भिंतीतलं भोक उघडं पडतं आणि धुराबरोबर थोडं ताजं पेट्रोलही बाहेर पळतं. नळी मध्येच फुगलेली आणि पुढे निमुळती का, याचं उत्तर इथे आहे. दाबाची लाट त्या निमुळत्या भागावर आपटून परत येते आणि पळालेलं पेट्रोल सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे ही नळी नुसतं धुराडं नाही, इंजिनाचाच भाग आहे. सांधा सैल झाला की लाट दुबळी होते आणि गाडीचा जोर कमी होतो.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. ऑइलच्या धुराचा वास येतो, पण तो येत नाही म्हणजे हवा शुद्ध, असं समजू नका. गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवूनही भागत नाही. इंजिन सुरू करायचं ते मोठ्यांनी, गाडी पूर्ण बाहेर काढून.

आता काम. इंजिन पूर्ण थंड हवं. गळती नेमकी कुठे आहे ते शोधायला व्हॅक्यूम क्लीनरची हवा फेकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी गुंडाळून लावा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे येतील तिथे भोक. मात्र क्लीनरने हवा कधीही आत ओढायची नाही, पेट्रोलची वाफ मोटारीच्या ठिणगीजवळ जाईल.

नळी बहुतेक वेळा स्प्रिंगांनी अडकवलेली असते. आकड्याने स्प्रिंग काढताना चष्मा घाला, ती सुटून डोळ्यावर येते. सांधा थोडा हलणारा ठेवलेला असतो तो मुद्दाम. इंजिन थरथरतं आणि घट्ट जखडलेली नळी तडकते. म्हणून वेल्डिंग करून टाकण्याचा सल्ला आम्हाला पटत नाही. पितळी ब्रशने काजळी खरवडा, नळीला तडा आहे का पाहा. सिलिंडरकडचं गॅस्केट किंवा रबरी रिंग नवीनच घाला. जुनं दाबून पुन्हा बसवलं तर आठवड्यात परत पाझरतं. पुढच्या सरकत्या सांध्याला उष्णता सोसणारं लाल सिलिकॉन पातळ लावा. जास्त लावलं तर आत गोळा होऊन वाट अडवतं. पाकिटावर लिहिलंय तितका वेळ ते वाळू द्या, घाई करू नका.

जोडताना सगळे बोल्ट आधी सैल लावा, नळी आपोआप सरळ बसू द्या, मग सिलिंडरच्या बाजूने घट्ट करत या. किती घट्ट, ते गाडीच्या पुस्तकात असतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले, आमची सवय अशी की एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तपासायचं. इथेही तेच करा, साबणाचं पाणी पुन्हा सोडा.

सांधा कोरडा झाला तरी सायलेन्सरच्या तोंडातून काळे थेंब येत राहिले तर दोष सांध्याचा नाही. ऑइल जास्त पडत असेल, कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल देत असेल किंवा गाडी अंगणातच हळूहळू फिरत असेल. नळी तापली नाही की ऑइल साठतं.

स्वाध्याय: योग्य क्रियापद भरा. छप्पर पावसात ____. माठ रात्रभर ____. फुग्यातली हवा ____. सलाईनचा थेंब ____. डब्याचं झाकण सैल, म्हणून दप्तरात आमटी ____.