गाडीत जीपीएस दगा देतंय? गिऱ्हाईक तुटण्याआधी या पाच गोष्टी तपासा



मागच्या व्हिडिओत आपण गाडीच्या धंद्याचा हिशोब पाहिला. डिझेल, हप्ता, टायर, विमा सगळं मांडलं. पण एक खर्च त्यात राहिला होता. तो वहीत दिसत नाही, थेट गिऱ्हाईक घेऊन जातो. तो म्हणजे रस्ता चुकण्याचा खर्च.

राहात्याकडचा एक तरुण माझ्या बॅचला होता. सेकंड हँड गाडी घेतली, शिर्डीतल्या एका लॉजचं काम धरलं. साईबाबांचं दर्शन, मग शनिशिंगणापूर, कधी भंडारदरा. एकदा भंडारदऱ्याहून एका कुटुंबाला काकडीच्या विमानतळावर सोडायचं होतं. वाटेत चहाला थांबले, तेव्हा बॅटरी वाचवायला त्याने नकाशा बंद केला. परत चालू केला तर रेंज नाही, नकाशा कोरा आणि निळा ठिपका जागेवरच. एक वळण चुकलं, पाऊण तास गेला, विमान सुटलं. लॉजवाल्याने दुसऱ्या दिवसापासून दुसरी गाडी लावली. एका ठिपक्यापायी महिन्याचं बांधलेलं काम गेलं!

तो म्हणाला, "सर, मोबाइलच बदलतो." मी म्हटलं, थांब. आधी दुखणं कुठे आहे ते बघू.

आधी समजून घ्या : रेंज वेगळी, जीपीएस वेगळं

बहुतेकांचा इथेच घोळ होतो. मोबाइलची रेंज येते टॉवरवरून, दोन-चार किलोमीटरवरून. जीपीएसचा सिग्नल येतो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून. आपली जागा नक्की सांगायला एका वेळी किमान ४ उपग्रह लागतात. अमेरिकेचं जीपीएस, रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बेइदोऊ आणि आपल्या इस्रोचं नाविक अशा वेगवेगळ्या यंत्रणा आहेत. आजचे बरेच फोन यातल्या एकाहून जास्त यंत्रणांचे सिग्नल घेतात.

म्हणजे अकोले तालुक्याच्या डोंगरात रेंज नसली तरी उपग्रह डोक्यावर असतातच. नकाशा कोरा दिसतो, कारण नकाशाचं चित्र इंटरनेटवरून येतं. रेंज असताना फोन उपग्रहांची माहितीसुद्धा इंटरनेटवरून पटकन घेतो. रेंज नसेल तर तीच माहिती त्याला थेट उपग्रहाकडून ऐकावी लागते. एका उपग्रहाची ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. मध्येच झाड, डोंगर, पूल आडवा आला की ऐकणं तुटतं आणि परत पहिल्यापासून सुरुवात. चालत्या गाडीत, घाटात, हे तुटतच राहतं. आपल्या तरुणाचं नेमकं हेच झालं.

आता पाच गोष्टी तपासा

१. फोनची जागा. उपग्रहाचा सिग्नल आपल्यापर्यंत येईस्तोवर फार क्षीण झालेला असतो. काच आणि प्लास्टिकमधून तो येतो, पत्र्यातून येत नाही. गाडीचं छत पत्र्याचं. मग गिअरजवळच्या खाचेत किंवा खिशात ठेवलेल्या फोनला आकाश दिसणार किती? फोन स्टँडवर, समोरच्या काचेजवळ हवा. मात्र डॅशबोर्डवर थेट उन्हात नको. एप्रिल-मे मध्ये तापून फोनच बंद पडतो. एसीच्या जाळीवरचा स्टँड चांगला, फोन गार राहतो आणि काचही जवळ असते. नजरेआड येणार नाही असा लावा. गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघायला, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरायला नियम परवानगी देतो.

२. काच. काही फिल्ममध्ये धातूचा पातळ थर असतो. ऊन अडवणाऱ्या काही कंपनी काचांनाही तसाच थर असतो. हा थर उन्हाबरोबर सिग्नलही अडवतो. अशा कंपनी काचेत बऱ्याचदा आरशाच्या मागे थोडी जागा थराविना सोडलेली असते, फोन किंवा अँटेना तिथे जवळ आणून बघा. फिल्मचा आणखी एक धोका लक्षात ठेवा. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा नियम आहे.

३. चार्जर आणि डॅशकॅम. याच्यावर कुणाचा संशयच जात नाही. रस्त्यावर मिळणारा स्वस्त चार्जर, साधा डॅशकॅम, एलईडी पट्ट्या यांच्यातून विजेचा गोंगाट निघतो. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कानात सांगितलेलं ऐकू येईल का? तसंच फोनचं होतं. एकेक वस्तू काढून बघा.

४. अँड्रॉइड स्टिरिओची अँटेना. स्टिरिओसोबत वायर असलेली एक छोटी काळी चौकोनी डबी येते. ती जीपीएसची अँटेना. घाईत बसवणारा ती स्टिरिओच्या मागे, लोखंडी चौकटीत कोंबून देतो. मग ठिपका शेजारच्या उसातून पळतो! ती डबी समोरच्या काचेखाली, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, चुंबकाची बाजू खाली आणि दुसरी बाजू आकाशाकडे करून चिकटवून घ्या. काचेलाच थर असेल तर छतावर बाहेर लावून घ्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

५. ट्रॅकर. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या नव्या प्रवासी वाहनांना, रिक्षा वगळता, लोकेशन यंत्र आणि पॅनिक बटण लागतं. 'एआयएस १४०' म्हणतात ते हेच. हे यंत्र पत्र्याखाली दडवलं तर संकटात बटण दाबूनही जागा चुकीची जाईल. इथे प्रश्न गिऱ्हाइकाच्या जिवाचा आहे. मात्र स्वतः उघडू नका, अधिकृत माणसाकडून जागा बदलून घ्या.

चाचणी कशी घ्यायची?

'जीपीएसटेस्ट' सारखं मोफत ॲप घ्या. त्यात प्रत्येक उपग्रहापुढे सिग्नलचा आकडा दिसतो. साधारण ३५ च्या वर चांगला, २५ च्या खाली कमजोर. आधी मोकळ्या मैदानात गाडीबाहेर उभं राहून आकडे लिहा. मग गाडीत, स्टँडवर. मग चार्जर लावून. मग डॅशकॅम चालू करून. ज्या पायरीला आकडे धाडकन पडले, तिथे चोर सापडला. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळणार नाही.

आमच्या तरुणाने हेच केलं. फोन खाचेतून स्टँडवर आणला, आकडे वाढले. चार्जर काढला, आणखी वाढले. मोबाइल बदलायची गरजच पडली नाही. एक बरा चार्जर आणि स्टँड एवढ्यातच भागलं.

तरीही काही ठिकाणी सिग्नल जाणारच

समृद्धी महामार्गाने शिर्डीहून मुंबईकडे जाताना इगतपुरीजवळ सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा लागतो. तिथे कुठलाही उपग्रह दिसत नाही, ॲप अंदाजाने ठिपका पुढे ढकलतं. नगर शहरात उड्डाणपुलाखाली ठिपका गोंधळतो. चंदनापुरी किंवा करंजी घाटात डोंगर एका बाजूचं आकाश झाकतो. यात बिघाड काही नाही. पुढचं वळण आधीच बघून ठेवा.

निघण्यापूर्वीची शिस्त

- आदल्या रात्री वायफायवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवा.
- रेंज असतानाच मार्ग लावा आणि पोहोचेपर्यंत ॲप बंद करू नका.
- बॅटरी सेव्हर बंद, लोकेशनची अचूकता चालू.
- ठिपका अडकला तर मोकळ्या जागी गाडी बाजूला घ्या, एक-दोन मिनिटं स्थिर थांबा. चालत्या गाडीत दहा मिनिटं झगडण्यापेक्षा हे लवकर होतं.
- आणि विमान, रेल्वे गाठायची असेल तर अवघड वळणं कागदावर लिहून घ्या. गावातल्या माणसाला "दादा, रस्ता कुठला?" विचारायला लाजू नका.

मित्रांनो, गिऱ्हाईक आपल्याला पैसे देतं ते वेळेवर पोहोचवण्याचे. तो तरुण महिनाभराने त्याच लॉजवर परत गेला. काय चुकलं आणि काय दुरुस्त केलं ते मालकाला सरळ सांगितलं. काम लगेच मिळालं नाही. आधी एक फेरी मिळाली, मग दुसरी. विश्वास असाच फेरी-फेरीने परत येतो.

आजचा गृहपाठ : उद्या सकाळी पहिल्या फेरीआधी पंधरा मिनिटं काढा, वरची चाचणी घ्या आणि आकडे गाडीच्या वहीत लिहा. दर सहा महिन्यांनी, आणि गाडीत नवी वस्तू बसवली की लगेच, पुन्हा तपासा.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर धंदा सांभाळा, गाडी सावकाश चालवा!